कुंभारणीनं अडवलेला आरसा

गाडी लावली की आरसा मिटायचा, हे आमच्या गल्लीला शिकवलं ते मी. निपाणीतली आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरासमोर दोन म्हशी आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. म्हशी सरतात, माणसं सरत नाहीत. अशा ठिकाणी मी आठ वर्षं माझी पांढरी गाडी ठेवली आणि तिच्या अंगावर एक ओरखडा उठू दिला नाही. उतरलो की आधी आरसा आत दाबून मिटायचा, मग दार लावायचं, मग घरात जायचं. शेजारचा श्रेयांस कधी आरसा मिटत नाही. त्याच्या गाडीचे दोन्ही आरसे चिकटपट्टीवर तग धरून आहेत, आणि तरी हा माणूस गाडीबद्दल सल्ला द्यायला सगळ्यांच्या आधी हजर असतो.

मी नेमगोंडा, हायस्कूलमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. कागद बघितला की त्यातली चूक मला आपोआप दिसते, तो माझा गुण आहे. घरातले त्याला दुसरं काहीतरी म्हणतात, ते सोडा.

तर आमच्या दीप्तीला एका दूध संघात नोकरी लागली. फिरतीची नोकरी, खेड्याखेड्यात जाऊन डेअऱ्या तपासायच्या. अट एकच होती, सात महिन्यांनी एक तारखेला हजर होताना चारचाकीचं लायसन दाखवायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. दोन वर्षं घरात बसून अर्ज करणाऱ्या पोरीला मिळालेली ही पहिली नोकरी. तेव्हा लायसन काढायचंच होतं, आणि ते काढून देणारा घरातच होता.

राजमती, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "शामूच्या ड्रायव्हिंग स्कूलला घालूया की पोरीला."

"मी असताना शाळा कशाला?" मी म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याच संध्याकाळी हॉटेलात चार माणसांत विषय निघाला, आणि मी बोलून गेलो की शामूनं शिकवलेली माणसं मी लांबनं ओळखतो आणि बाजूला होऊन उभा राहतो. चौघं हसली. शामू माझ्या मागच्या बाकावर मिसळ खात बसला होता, हे त्यांतल्या एकानंही मला आधी सांगितलं नाही. गाव कसं असतं बघा.

मग सहा महिने रोज सकाळी सात वाजता मी दीप्तीला शिकवलं. पुढं मागं लाल अक्षरातला एल लावून, मी शेजारी बसून. धडा रोज एकाच वाक्यानं सुरू व्हायचा, "आधी आरसा, मग किल्ली." मागचं ज्याला दिसत नाही त्यानं पुढं जाऊ नये, असं माझं मत आहे. दीप्तीला ते इतकं पाठ झालं होतं की मी तोंड उघडलं की तीच म्हणायची. तिची टेस्ट लागली शनिवारी, चिकोडीला. लर्निंगचे सहा महिने त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी संपत होते. म्हणजे शनिवार चुकला की परत पहिल्यापासून, आणि नोकरी गेली.

मध्ये पर्युषणाचे दहा दिवस आले. त्या दिवसांत आमची गाडी हलत नाही, बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिराला, आम्ही चालत जातो. पर्व संपलं, आणि मंगळवारी सकाळी सात वाजता मी गाडीजवळ गेलो आणि उजवीकडचा आरसा उघडायला हात घातला, तर तो उघडेना.

जरा जोर लावला. तसूभर हलला नाही. वाकून बघितलं, तर आरसा दाराला जिथं बिजागरीवर फिरतो त्या फटीत बोटभर मातीचा लपका बसलेला. गुळगुळीत, हातानं लिंपल्यासारखा. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. दहा दिवस गाडी उभी दिसल्यावर तिला वाटलं असेल जागा मालकानं सोडली.

मी आतनं पेचकस आणला. माती खरवडायला दोन मिनिटांचं काम. पेचकस टेकवला आणि मागनं आवाज आला.

"काय करालासा?"

राजमती पायरीवर उभी होती. मी म्हटलं, "माती काढतोय."

"माती न्हाय ती. आत अंडी असत्यात."

आता इथं सांगायला पाहिजे. यंदा चातुर्मासाला आमच्या बस्तीत महाराज आलेत, आणि राजमतीनं त्यांच्यापुढं नियम घेतलाय, की चातुर्मास संपेपर्यंत आपल्या घरात आपल्या देखत एक जीव मरू द्यायचा नाही. तेव्हापासून आमच्या घरात मुंग्यांना वेगळ्या वाटीत साखर ठेवतात. झुरळाला कागदावर घेऊन दाराबाहेर नेऊन सोडतात, आणि ते आमच्या आधी परत घरात आलेलं असतं. डास मला चावतात आणि मी त्यांना हातानं वारा घालतो. एवढं मी सोसलं, कारण त्यात माझ्या गाडीचा संबंध नव्हता.

"अगं, ती माशी कोळी पकडून आत कोंबते, पोरांना खायला," मी म्हटलं. "हिंसा ती करते. आणि आपण तिची राखण करायची?"

"तिनं नियम घेतला न्हाय. मी घेतलाय."

मी दीप्तीकडं बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं. नुसती म्हणाली, "आप्पा, शनिवारी टेस्ट आहे." ते मला माहीत नव्हतं काय?

"महाराजांना विचारून या, ते सांगतील तसं करू," राजमती म्हणाली. ते मात्र मी करणार नव्हतो. गेल्या चातुर्मासात मी तेव्हाच्या महाराजांना नुसतं विचारायला गेलतो की वड्यातला बटाटा तळल्यावर त्याच्यात जीव उरतो का, आणि येताना चार महिने बटाटा सोडून आलो. या खेपेला गाडीच सोडून यावं लागलं असतं.

तोवर गल्ली जमली. आमच्या गल्लीत मयताला माणसं जमवावी लागतात, पण कुणाची गाडी बिघडली की दात घासत घासत येतात. श्रेयांस सगळ्यात पुढं.

"अण्णा, उदबत्तीचा धूर द्या. माशी जाती निघून."

"माशी आत्ता नाहीच. अंडी आहेत. अंडी धुरानं चालत जातात काय?"

"मग तसंच उघडा आरसा थोडा थोडा. रोज एक इंच."

समोरच्या गुणाबाईनं चष्मा लावून मातीचं घर बघितलं आणि हात जोडले. "कुंभारीण घर करती म्हणजे घरात पाळणा हलणार. कधी चुकत न्हाय." मग तिनं आधी बिनलग्नाच्या दीप्तीकडं बघितलं, मग राजमतीकडं, आणि शेवटी माझ्याकडं. एकसष्टाव्या वर्षी माणसाला चारचौघांत हे ऐकावं लागतं. राजमती आत निघून गेली, आणि माझ्या मागं दोघंतिघं खोकली.

खरं म्हणजे गल्लीत दुसऱ्या गाड्या होत्या. एखादी मागून टेस्ट देता आली असती. पण मी आयुष्यात कधी कुणाला माझी गाडी दिली नाही, आता मागायची कुठल्या तोंडानं? आणि शामूच्या स्कूलच्या गाडीचं तर नावच काढायचं नव्हतं. ते दीप्तीनं एकदा काढलं, आणि मी जेवता जेवता ताटावरनं उठलो.

बुधवारी मी यल्लाप्पाला बोलावलं. यल्लाप्पा म्हणजे हायवेकडच्या गॅरेजचा मिस्त्री. हात चांगला, पण माणूस असा सावकाश, की त्याच्यासमोर चहा ठेवला तर तो आधी निवतो. त्यानं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग म्हणाला, "अण्णा, दाराच्या आतल्या अंगाला हे तिकोनी प्लास्टिक हाय न्हवं, त्याच्या मागं तीन नट. ते काढले की अख्खा आरसा बुडासकट भायेर. माशीचं घर बी तसंच. हे घर ठेवा वर कुटंतरी टांगून, आन् गाडीला दुसरा आरसा बसवू."

बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणून मला ते पटायला वेळ लागला. राजमतीला लगेच पटलं. यल्लाप्पानं दोन नट काढले. तिसरा गंजलेला होता. त्यानं त्यावर तेल सोडलं आणि म्हणाला, "आता ह्येला अर्धा तास मुरू द्यायचं," आणि उंबऱ्यावर बसून तंबाखू मळायला लागला.

अर्धा तास. माझ्या पोरीची नोकरी अडलेली, आणि हा तेल मुरवतोय. मी त्याला कामाची रीत दाखवायची म्हणून दोन्ही हातांनी आरसा धरला आणि जरा वर उचलून हिसका दिला.

कड् असा आवाज झाला. आरसा काचेसकट माझ्या हातात आला, बिजागरीतनं मोडून. बूड दाराला तसंच, आणि बुडावर माशीचं घर. त्याचा एक कणसुद्धा पडला नव्हता. माझ्या हातातली काच मात्र मधोमध तडकली होती, आणि तिच्यात मी दोन-दोन दिसत होतो.

राजमती धावत आली. माझ्याकडं न बघता तिनं आधी मातीचं घर बघितलं. "काय झालं न्हाय त्याला," असं म्हणून ती निवांत झाली. यल्लाप्पा तंबाखू तोंडात टाकून म्हणाला, "मी म्हनलंतं, मुरू द्या म्हणून."

त्यानं ठरल्या वेळेला उठून तिसरा नट बोटानं काढला. मातीच्या घरासकट बूड राजमतीनं व्हरांड्याच्या जाळीला सुतळीनं बांधलं. आणि आमच्या गाडीच्या दाराला आता एक भोक उरलं, ज्यातनं गल्लीतली मांजरं आत डोकावू लागली.

नवीन आरसा निपाणीत मिळेना. श्रेयांस म्हणाला कोल्हापूरला बघा, तिथं सगळं मिळतं. कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन लावला, तो म्हणाला सोमवारी येईल. सगळं मिळतं, फक्त सोमवारी. बेळगावच्या दुकानात लावला, तो म्हणाला, "ऐती, बन्नी." आहे, या. आमच्या भागात राहायचं तर दोन्हीकडं दोन्ही भाषांत हात जोडायला लागतात, ते मला येतं. गुरुवारी सकाळच्या बसनं मी बेळगावला गेलो.

आरसा होता. मॉडेल बरोबर होतं, बाजू बरोबर होती, मिटत होता, उघडत होता. आणि रंग लालभडक होता.

"माझी गाडी पांढरी आहे," मी कन्नडमध्ये म्हटलं.

"आरसा मागचं बघायला असतो," दुकानदार मराठीत म्हणाला. "त्याच्याकडं कोण बघतंय?"

असली माणसं दुकान चालवतात. रंग मारून घ्यायचा तर दोन दिवस वाळवायला लागणार होते. मी तो घेतला. परतीच्या बसमध्ये खोका फाटला म्हणून आरसा मांडीवर घेऊन बसलो. शेजारी वडगावचा एक विणकर होता, कोल्हापूरला साड्या दाखवायला निघालेला. संकेश्वरपर्यंत तो आरशाकडं बघत होता. मग म्हणाला, "जरा हिकडं करता का?" आणि खिशातनं फणी काढून त्यानं माझ्या आरशात भांग पाडला. मग त्याच्या पुढचा उठून आला. निपाणी येईपर्यंत पाच जणांची डोकी विंचरून झाली, आणि कंडक्टरनं मिशी बघून घेतली. माझ्या आठ वर्षांच्या जपणुकीचा हा शेवट होता.

शुक्रवारी यल्लाप्पानं आरसा बसवला. पांढऱ्या गाडीला एक लाल कान फुटला. श्रेयांस म्हणाला, "अण्णा, ओळखायला बरं झालं." मी त्याच्या चिकटपट्ट्यांकडं बघितलं आणि आत गेलो.

शनिवारी चिकोडीला जाताना गाडी मीच चालवली. टेस्टच्या दिवशी पोरीनं दमायचं कारण नव्हतं. वाटेत सगळी उजळणी घेतली. दीप्तीच्या मांडीवर माझी फाईल होती, गाडीचे कागद, विमा, धुराचं सर्टिफिकेट, दीप्तीचं लर्निंग, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. हेडक्लार्कची फाईल कशी असते ते त्या ऑफिसला दाखवायचंच होतं.

मैदानावर बघतो तर शामू. त्याच्या स्कूलच्या गाडीजवळ पाच-सहा पोरं घेऊन उभा. त्यानं मला बघून मान हलवली. मी फाईलमध्ये डोकं घातलं.

इन्स्पेक्टर तरुण होता, कन्नड-मराठी मिसळून बोलत होता. गाडीभोवती फिरून आला आणि म्हणाला, "यो आरसा लाल का?"

आता कुणी विचारलंच तर अर्धवट सांगायची मला सवय नाही. मी त्याला पर्युषणापासून सांगितलं. माशी, नियम, अंडी, तिसरा नट, बेळगाव. तो पाच मिनिटं ऐकत होता आणि त्याच्या मागं रांग वाढत होती. शेवटी म्हणाला, "दिसतं का त्यात?"

"दिसतं."

"मग साकु." म्हणजे पुरे.

दीप्ती बसली. आधी आरसा बघितला, मग किल्ली फिरवली. आठाचा आकडा एका दमात काढला. मग रिव्हर्समध्ये दोन खांबांच्या मध्ये गाडी घातली, त्या लाल आरशाकडं बघत बघत, आणि एकाही खांबाला धक्का लागला नाही. शामूची पोरं बघत राहिली. मी मुद्दाम शामूच्या जरा जवळ जाऊन उभा राहिलो आणि आभाळाकडं बघत म्हटलं, "घरची शिकवण."

इन्स्पेक्टरनं तिच्या कागदावर पास लिहिलं. दीप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही आलं. खोटं कशाला सांगू. पोरगी नोकरीला लागली होती.

"शिकवलं कुणी?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"मी," मी पुढं झालो. "सहा महिने. रोज. शेजारी बसून."

"आज गाडी कुणी आणली?"

"मीच."

"चांगलं शिकवलंय. तुमचं लायसन तोरसी, दाखवा जरा, शिकवणाऱ्याचा नंबर लिहून घेतो."

मी पाकिटातनं लायसन काढलं. नोकरीच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात होतो, तिथं चौऱ्याण्णव साली काढलेलं. पहिल्याच दिवशी लॅमिनेशन केलेलं, अजून कोपरा दुमडलेला नाही. इन्स्पेक्टरनं ते उन्हात धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"हे चौदा साली संपलंय," तो म्हणाला.

"काय संपलंय?"

"मुदत. अकरा वर्षं झाली."

मी लायसन हातात घेतलं. तारीख होती. लॅमिनेशनच्या आत, स्वच्छ, माझ्या फाईलमधल्या कुठल्याही तारखेइतकी ठळक. तीस वर्षं मी ते पाकिटात जपलं, आणि एकदा वाचलं नाही. रस्त्यात कुणी पोलिसानं कधी मागितलं नाही, माझ्या चेहऱ्याकडं बघूनच सोडून द्यायचे. आणि गाडी मी घेतली सतरा साली. म्हणजे त्या पांढऱ्या गाडीला मी लायसन असताना एकदाही हात लावलेला नव्हता.

इन्स्पेक्टर हसला नाही, तेवढा चांगला माणूस होता. "म्हणजे सहा महिने गाडीत दोघंबी लर्नरच होता," तो म्हणाला. "एक काम करा. आधी कोल्हापूरच्या आरटीओचा ना-हरकत कागद आणा, मग लर्निंग काढा, मग टेस्ट द्या. आणि आज गाडी तुम्ही न्यायची न्हाय. पोरीचं कार्ड हातात येईपर्यंत तिनं बी एकटीनं न्यायची न्हाय. लायसनवाला कोण तरी बघा."

मी मैदानभर बघितलं. सगळीकडं एल लावलेली पोरं होती. लायसनवाला एकच होता.

दीप्ती गेली आणि शामूशी बोलली. काय बोलली मला कळलं नाही. शामूनं त्याची पोरं बसनं लावून दिली, स्कूलची गाडी तिथंच ठेवली आणि माझ्या गाडीपाशी आला. "अण्णा, बसा मागं," एवढंच म्हणाला. मी मागं बसलो, मांडीवर फाईल घेऊन. आठ वर्षांत त्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो, आणि ती इतकी अरुंद आहे हे मला माहीत नव्हतं. शामूनं लाल आरसा बोटानं जरा सारखा केला आणि गाडी काढली. निपाणीपर्यंत एक धक्का बसला नाही. हॉटेलातलं बोलणं तो काढेल म्हणून मी वाट बघत होतो, पण त्यानं काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

गल्लीत आल्यावर शामू उतरला, आरसा मिटला, दार लावलं आणि किल्ली माझ्याऐवजी दीप्तीच्या हातात दिली.

दीप्तीचं कार्ड पोस्टानं आलं आणि एक तारखेला ती हजर झाली. व्हरांड्यातलं मातीचं घर एक दिवस भोकं पडून रिकामं झालेलं दिसलं, त्या दिवशी राजमतीनं गोड केलं. कोल्हापूरचा कागद यायला मला चार खेपा पडल्या, त्याबद्दल मी इथं बोलणार नाही. शेवटी माझं लर्निंग निघालं.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता मी गाडीत बसलो. पुढं मागं लाल अक्षरातला एल, दीप्तीनं स्वतः चिकटवलेला. ती शेजारी बसली. कामावर जायच्या आधी तिला अर्धा तास होता. मी किल्लीला हात घातला.

"आप्पा," ती म्हणाली, "आधी आरसा."

मी लाल आरशात बघितलं. मागं श्रेयांस उभा होता, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच. त्याच्या शेजारी गुणाबाई, चष्मा लावून. मग राजमती पायरीवर, आणि कोपऱ्यावर सायकल थांबवून यल्लाप्पासुद्धा. एवढ्या सकाळी तो कधी कुठं पोचत नाही, आज वेळेवर आला होता.

"मागचं दिसतंय का?" दीप्तीनं विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं. "सगळं दिसतंय."